आठ वार, शुद्ध लोकर

आमचे मास्तर फोन उलटा धरायचे. स्वतःचा नव्हे, त्यांच्याकडे फोन नव्हताच. गिऱ्हाईक आपला फोन पुढे करायचं, "हा बघा, ऑनलाइन मिळतोय, घेऊ का?" असं विचारायचं. मास्तर आधी चष्मा काढायचे, मग फोन डोकं खाली, पाय वर असा फिरवायचे आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. काही फोन शहाणे असतात, चित्र आपोआप सरळ करतात. मग मास्तर गिऱ्हाइकावर डाफरायचे, "तुझ्या फोनला सांग की गप्प बस म्हणून!"

खिडकीखाली देऱ्याची खाडी. लाकडी गलबतांवर फ्रीज, टायर, कांद्याची पोती चढत असायची. दुपारी त्या पाण्यावरचा उजेड हलत हलत वर यायचा आणि आमच्या दुकानाच्या छतावर जाळं विणत बसायचा. इस्त्रीची वाफ, ओल्या लोकरीचा वास, आणि त्या हलत्या जाळ्याखाली एक किरकोळ म्हातारा उलटा फोन धरून उभा. दुबई म्हटलं की लोकांना उंच इमारती आठवतात. मला हे आठवतं.

एकदा मी धीर करून विचारलं, "मास्तर, उलटा का?"

"सरळ धरलं की डोळा वाचाय लागतोय," ते म्हणाले. "उलटं धरलं की बघाय लागतोय."

आमचं दुकान पोशाखांचं. शाळांचे बँड, हॉटेलांचे दरबान, आणि इथे नोकरीला असलेले स्कॉटिश लोक यांना लागणारे किल्ट आम्ही शिवायचो, दुरुस्त करायचो, भाड्यानेही द्यायचो. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचं ते गुडघ्यापर्यंतचं चौकड्याचं वस्त्र, पुढून सपाट आणि मागे दाट निऱ्या. पहिल्याच दिवशी मी त्याला घागरा म्हटलं, तर मास्तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मोजपट्टी गळ्यातून काढता काढता म्हणाले, "आठ वार लागतंय ह्याला. नऊवारीपेक्षा एकच कमी. आता घागरा म्हण बघू."

मास्तर बेळगावचे. तिथल्या छावणीत त्यांचे वडील बँडवाल्यांचे पोशाख शिवायचे, मास्तर वडलांच्याच हाताखाली शिकले. स्कॉटलंड त्यांनी कधी पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नव्हती. "पाऊस लई असतोय म्हणं तिथं," एवढंच म्हणायचे. पण गोरी माणसं आपल्याच देशाचा कपडा खरा की खोटा हे विचारायला जिने चढून बेळगावच्या माणसाकडे यायची. मला त्याचं फार नवल वाटायचं. मास्तरांना नाही वाटायचं.

फोटो पाहताना ते स्वतःशीच पुटपुटायचे. त्यातूनच मी जे शिकले ते शिकले. एकदा एका तरुण जोडप्याने बारा रंगांचे बारा किल्ट दाखवले. मास्तरांनी एकेक पाहिला आणि फोन परत दिला. "बाराच्या बारा कपड्यांना एकाच जागी एकच सुरकुती? कपडा एकच हाय. रंग कंप्यूटरवर चढवलाय." दुसऱ्या एका फोटोत कापड दुमडलं होतं, पण चौकडीची रेघ दुमडीवरूनही सरळच गेली होती. "रेघ घडीत शिरत न्हाई. म्हणजे ही रेघ कापडावर न्हाई, फोटोवर हाय." स्मॉल, मीडियम, लार्ज असं लिहिलेलं कुणी वाचून दाखवलं की ते हात जोडायचे. "किल्टला कंबर लागती, सीट लागती, कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी लागती. ज्यानं माप विचारलं न्हाई त्याच्याकडनं कपडा घेऊ नको बाबा." कमरेची कातडी पिशवी फुकट, पिन फुकट, मोजे फुकट असं असलं तर, "मग किल्टमध्ये काय उरलं?" आणि 'लोकरीसारखं', 'स्कॉटिश पद्धतीचं' असे शब्द आले की, "सारखं म्हणालाय न्हवं? मग खरं बोललाय की तो. तूच ऐकलं न्हाईस."

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठ. पाठीचा फोटो नसेल तर ते पुढे बघायचेच नाहीत. निऱ्या मागे असतात, आणि चांगल्या किल्टमध्ये प्रत्येक निरी अशी घातलेली असते की चौकडी तुटत नाही. इतकं कापड आत जातं, तरी वरून बघणाऱ्याला वाटावं की सलगच आहे. "माणूस पुढनं नटतोय," मास्तर म्हणायचे, "शिवणाऱ्याचं इमान पाठीला असतंय."

कुणी विकत घेऊनच आलं तर खिशातून काडेपेटी निघायची. शिवणीच्या आतून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरून पेटवायचा. लोकर असली तर केस जळल्याचा वास यायचा आणि बोटांत चुरली की राख व्हायची. ॲक्रिलिक असलं तर ते वितळून काळा, टणक मणी व्हायचा. असे मणी मास्तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायचे. मोहरीएवढे शेकडो मणी. मधूनच ती बाटली कानाशी धरून हलवायचे आणि ऐकत बसायचे.

पण ॲक्रिलिकला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. हॉटेलांच्या दरबानांसाठी आम्ही स्वतःच ॲक्रिलिकचे किल्ट शिवायचो, पाच वारांचे, मशीनच्या टिपेचे. "पंचेचाळीस डिग्रीत उभा राहतोय तो पोरगा. लोकर घातलीस तर मरंल की गं! कपडा कधी खोटा नसतोय, इचलकरंजी. त्याच्याखाली लिहिलेलं खोटं असतंय."

इचलकरंजी म्हणजे मी. माझ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आठवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी यंत्रमागांवर कांड्या भरायला लागले. पुढे लग्न, मुलगा, आणि मग नवऱ्याचं आजारपण आणि जाणं. मुलाला आईजवळ ठेवून मावसबहिणीच्या ओळखीने इथे आले. माझा व्हिसा दुकानावर. दुकान सुटलं तर देश सुटला, आणि मुलाची शाळाही सुटली, हे गणित मला आठवीच्या शिक्षणातही येत होतं. म्हणून मी सगळ्याला भ्यायचे. संध्याकाळी निघताना इस्त्री बंद केली की नाही हे बघायला तीन-तीनदा जिना चढून परत यायचे. मास्तरांनी दोन आठवडे ते पाहिलं. मग एक दिवस त्यांनी इस्त्रीची वायर काढली आणि तिचा प्लग खिडकीच्या काचेला आतून लोंबत सोडला. "खाली उतर, रस्त्यावरनं वर बघ. प्लग दिसला की घरला जा." पुढे रोज तो प्लग तिथे लोंबायचा. खाडीवरून येणाऱ्या सोनेरी उजेडात वर मान करून मी त्याच्याकडे बघायचे, आणि देवळाचा कळस बघितल्यासारखं वाटायचं.

आमचे साहेब, दुकानाचे मालक, जुमेरा लेक्स टॉवर्समध्ये राहायचे. मूळचे पुण्याचे. आठवड्यातून दोनदा यायचे आणि बसायच्या आधीच निघायच्या गडबडीत असायचे. मास्तर बहिणीच्या मुलाच्या लग्नाला महिनाभर बेळगावला गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "ताई, दरबानांच्या ऑर्डरमधले पीस उरलेत ना? ऑनलाइन टाकून द्या. फोटो काढा, खाली डिस्क्रिप्शन लिहा. सगळे लिहितात तसंच. यल्ला, आजच करा."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी लिहायचं काम सांगत होतं. मी फोटो काढले, पुढून. मग बाकीचे लोक काय लिहितात ते बघितलं. मला इंग्रजी एकेक अक्षर जोडून वाचावं लागतं. दहा ठिकाणी बघितलं, दहाही ठिकाणी तेच शब्द त्याच क्रमाने होते. स्कॉटलंडचा, अस्सल, आठ वार, शुद्ध लोकर. मला वाटलं, ही लिहायची रीतच असणार. लग्नपत्रिकेवर गणपतीचं नाव असतंच, कापडाच्या गाठोड्यावर गिरणीचा शिक्का असतोच, तसं किल्टच्या फोटोखाली हे लिहायचंच असतं. मी ते शब्द एका बोटाने, चार वेळा तपासून, जसेच्या तसे उतरवले. एकही अक्षर चुकू दिलं नाही. त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं की मी ऑफिसचं काम केलं.

पाच किल्ट विकले गेले.

मास्तर परत आले त्या सकाळी मी चहा ओतायच्या आधी माझा फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा निघाला, फोन उलटा झाला, मास्तर खिडकीशी गेले. "दरबानाचा हाय की," म्हणाले. "फोटो चांगला काढलाईस. पाठ न्हाई दाखवली?" मग ते थांबले, चष्मा परत लावला आणि फोन सरळ धरला.

मी त्यांना फोन सरळ धरलेला कधी पाहिला नव्हता. ओठ हलवत हलवत त्यांनी सगळं वाचलं. छतावरचं उजेडाचं जाळं हलत होतं. खाली कुणीतरी गलबतावरून ओरडत होतं.

"कुणी लिवलं हे?"

"मी."

"समजून?"

मी त्यांना पत्रिकेचं आणि गणपतीचं सांगितलं. सांगता सांगताच मला कळत गेलं की मी काय लिहिलंय. मास्तरांनी उरलेल्यातला एक किल्ट घेतला, धागा ओढला, काडी पेटवली. मणी झाला. तो निवल्यावर त्यांनी बाटलीत टाकला. पहिल्यांदाच आमच्या दुकानाचा मणी त्या बाटलीत पडला होता, आणि तो माझा होता.

विकलेल्या पाचांतले चार किल्ट पार्टीच्या पोशाखासाठी गेले होते. आम्ही फोन केले, त्यांना काही फरक पडत नव्हता. पाचवा गेला होता खोर फक्कानला, डोंगरापलीकडच्या बंदराच्या गावी. मागवणाऱ्याने सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या: शुक्रवारी मुलीचं लग्न आहे, वेळेत मिळावा.

साहेब दुपारी आले. मास्तरांनी त्यांना सगळं सांगितलं. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "मास्तर, तुम्ही पण ना! कशाला उकरताय? त्याने तक्रार केलीय का? नाही ना? मग खलास. आणि केली, दुकानाचं नाव खराब झालं, तर मला कुणाला तरी घरी पाठवावं लागेल. लिहिलं कुणी होतं?"

मी मास्तरांच्या मागे उभी होते. मनातल्या मनात देवाची नव्हे, मास्तरांची विनवणी करत होते. एक वाक्य खोटं बोला. साइटवर आपोआप आलं म्हणा, काहीही म्हणा.

"हिनं लिवलं," मास्तर म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"हिनंच लिवलं. आणि काय लिवायचं ते हिला शिकवायचं ऱ्हायलं, ते माझं चुकलं. आम्ही दोघं उद्या तिकडं जातोय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग किल्ली उचलत म्हणाले, "जा. पण तो माणूस चिडला, तर ताई, मी काही करू शकणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी शारजाहून बसने निघालो. मास्तर खिडकीपाशी बसले, मांडीवर शिवणकामाची पेटी. वाळू संपली आणि डोंगर लागले, उघडे, तपकिरी, एकामागे एक. बस बोगद्यात शिरायची, अंधार व्हायचा, मग एकदम उजेड, पुन्हा डोंगर. मला वाटत होतं की आपण असेच आत-बाहेर, आत-बाहेर करत घरी इचलकरंजीलाच पोचणार. मास्तर म्हणाले, "बघ की, डोंगराला पण निऱ्या हायत." मी रडत होते. त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

शेवटच्या वळणावर समुद्र आला. निळा, शांत, आणि त्याच्या काठाला रंगीत डबे रचल्यासारखे कंटेनर.

पाचव्या किल्टचा मालक बंदरात क्रेनचा इंजिनियर होता, साठीचा, धिप्पाड, एकटाच राहणारा. त्याने दार उघडलं. मास्तरांनी मला पुढे केलं. "तू लिवलंस, तू सांग."

मी रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले. "सर, नो वूल," मी म्हणाले. "नो स्कॉटलंड. फाइव्ह यार्ड. आय रोट. आय कॉपी. आय नॉट नो. सॉरी."

क्रेनसाहेब वळला. आत गेला. मला वाटलं, फोन आणायला गेला, आता तक्रार. तो कापडी पिशवी घेऊन आला. तिला कापराचा वास होता. आतून एक जुना किल्ट निघाला, गडद हिरवा, निळा, त्यात बारीक पिवळी रेघ. त्याच्या वडलांचा. तो म्हणाला की आपल्या पहिल्या लग्नात, भावाच्या लग्नात त्याने हाच नेसला होता. आता पोट मावत नाही, दोन शिंप्यांनी नाही म्हटलं, म्हणून नवा मागवला. तुमचा नवा अंगावर चढवला तेव्हाच वाटलं की काहीतरी हलकं आहे, पण लिहिलेलं वाचलं आणि गप्प बसलो.

मास्तरांनी त्याचं बोलणं अर्धंच ऐकलं असेल. ते तो जुना किल्ट हातात घेऊन गॅलरीत गेले होते. खालच्या कडेवरून बोट फिरवत होते. "दुमड न्हाई. काठ हाय, आपल्या लुगड्यावाणी," ते मला मराठीत म्हणाले. मग एक निरी उघडली आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "आठ वार हायत गं ह्यात. सत्तावीस निऱ्या. एकेकीनं केसभर सोडलं, तर तीन बोटं जागा व्हती. खऱ्या किल्टात माणसाला जाड व्हायची सोय असती."

"ह्याला विचार," मास्तर म्हणाले, "शुक्रवार सकाळपर्यंत दिलं तर चालंल काय."

मी विचारलं. क्रेनसाहेबाने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. आमचा किल्ट आम्ही परत घ्यायला निघालो, पण तो म्हणाला, राहू दे, समुद्रावर फिरायला छान हलका आहे. फक्त आता काय आहे ते ठाऊक आहे.

पुढचे तीन दिवस मी कशी जगले ते सांगता येणार नाही. खिडकीशी दोघं समोरासमोर, मध्ये तो किल्ट पसरलेला. बाहेर गलबतं येत होती, जात होती. जुने टाके उसवायचे, चौकडीच्या रेघेला रेघ लावायची, बोटभर लांबीत शंभर वेळा श्वास धरायचा. चौदा निऱ्या मास्तरांच्या, तेरा माझ्या. त्या हिरव्या-निळ्या रेघांत हरवून जायला व्हायचं. कधी वाटायचं मी मागावरच आहे, कधी वाटायचं हे शेत आहे आणि पिवळी रेघ म्हणजे बांध, त्याच्यावरून माझा मुलगा चालत येतोय. मास्तर बोलत नव्हते. मधूनच फक्त म्हणायचे, "श्वास घे, इचलकरंजी." व्हिसाची भीती मला त्या तीन दिवसांत एकदाही वाटली नाही. इस्त्री बघायला एकदाही परत चढले नाही.

शुक्रवारी सकाळी क्रेनसाहेब स्वतः आला, नेसून बघितला, आणि आरशासमोर वळून पाठ बघितली. रविवारी साहेबांच्या फोनवर त्याचं लांबलचक पत्र आलं. साहेबांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाले, "ठीक आहे ताई. पण यापुढे लिहिलं की आधी मास्तरांना दाखवायचं." म्हणजे मी राहणार होते. मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा.

सोबत लग्नातला फोटोही होता. क्रेनसाहेब पाठमोरा, मुलीचा हात धरून नाचताना, निऱ्या हवेत उघडलेल्या. मास्तरांनी चष्मा काढला, फोन उलटा केला.

"सतरावी तुझी," म्हणाले.

"कसं ओळखलंत?"

"पिवळी रेघ केसभर सरकलीय."

"त्यांना बोलवून घेऊ का? परत उसवू?"

"आता काय उसवतीस? नवरीचा बाप नाचतोय त्यात."

मास्तर आता बेळगावला असतात. गुडघे गेले, जिना झेपेना. जाताना मला काडेपेटी दिली आणि ती बाटली दिली. वायरचा प्लग मीच रोज खिडकीत सोडते, सवयीने. दरबानांचे किल्ट आम्ही अजून ऑनलाइन विकतो. खाली मी लिहिते: ॲक्रिलिक, पाच वार, मशीनची शिलाई, उन्हात घालायला उत्तम. पाठीचा फोटो आधी टाकते. साहेबांना वाटलं होतं कुणी घेणार नाही. पण घेतात.

मध्यंतरी साहेब म्हणाले, "ताई, साइटवर शिवणाऱ्या माणसांची माहिती हवी. मास्तरांची, तुमची. दोन-दोन ओळी." माझ्या व्हिसाच्या कागदांवर, तो काढून देणाऱ्या एजंटाने शिक्षणाच्या रकान्यात दहावी लिहिलं आहे. इतकी वर्षं मी ते खोडलं नव्हतं, आणि त्याला हात लावायला भीत होते. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. मग लिहिलं, आणि तो रकानाही साहेबांना दाखवला. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "बरं. तो कागद पण दुरुस्त करून घेऊ."

मास्तरांना फोन नाही, म्हणून त्यांच्या भाच्याला फोन लावला आणि त्यांना ऐकवलं. मास्तरांबद्दल लिहिलं होतं: बेळगावचे. स्कॉटलंड पाहिलेलं नाही. आणि माझ्याबद्दल: इचलकरंजीची. शाळा आठवीपर्यंत. निऱ्या हाताने घालते, एखादी केसभर सरकते.

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, फोन उलटा धरला असेल.

मग ते म्हणाले, "माप बरोबर हाय."